शाळेच्या मैदानात पायाच्या खड्ड्यात खापरं लागली, आता काँक्रीट ओतायचं की थांबायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पैठणच्या जुन्या वस्तीलगत एक शाळा आहे, मैदानाच्या कडेला सहा वर्गखोल्यांची दुमजली इमारत बांधायचीय. निधी मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत जाणार. कॉन्ट्रॅक्टरने पायाचे तीन खड्डे घेतले आणि चार फुटांवर राखाडी माती, खापरं, मोठाल्या विटा आणि शंखाच्या बांगडीचे तुकडे निघाले. व्यवस्थापन समितीतले निम्मे लोक म्हणतात की गुपचूप काँक्रीट ओता, पुरातत्त्ववाल्यांना कळलं तर शाळाच बंद पडेल. प्रश्न विचारणाऱ्या ताई त्या समितीवर पालक प्रतिनिधी आहेत आणि त्यांना विचारायचंय की बांधकामाआधी अशी तपासणी कायद्याने करावीच लागते का, आणि लागत असेल तर किती वेळ जातो.

ताई, तुम्ही खड्डे बघितल्यावर हा प्रश्न विचारलात हेच खूप आहे, कारण मला असे फोन बहुतेक वेळा स्लॅब पडल्यावर येतात. पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी मराठवाड्यात आणि नगर भागात उत्खननाची कामं करतोय आणि त्यावरून सांगतो, कायद्याचं उत्तर मी पुढे देतोच पण तुमची खरी अडचण कायद्याची नाहीये. इमारतीचा नकाशा आधी पक्का झाला आणि जमिनीत काय आहे ते नंतर बघितलं गेलं, अडचण ही आहे. कागदावर इमारत पंधरा फूट सरकवायला आर्किटेक्टचे दोन दिवस लागतात, पण चोवीस खड्डे खोदून झाल्यावर तीच इमारत सरकवायची म्हटलं तर कॉन्ट्रॅक्टर, ट्रेझरर आणि मुख्याध्यापक तिघंही डोक्याला हात लावतात. तुमचे तीनच खड्डे झालेत, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

शाळेच्याच जागेत हे का निघतं ते आधी सांगतो. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. आता ही वस्तीची जमीन पांढरी का दिसते, तर शेकडो वर्षं तिथे चुली पेटल्या, शेणामातीची घरं उभी राहिली आणि पडली, राख, हाडं, चुना सगळं त्याच मातीत मिसळत गेलं. पैठणसारख्या गावात ही पांढरी सातवाहनांच्या आधीपासून साचतेय. पेरिप्लस नावाची पहिल्या शतकातली ग्रीक भाषेतली प्रवासमाहिती आहे, तिच्यात पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आलीत, इथला माल गाड्यांवरून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचा असं त्यात लिहिलंय. नंतर त्याच मातीवर यादव आले, निजामशाही आली, वाडे उठले, वाडे पडले. आणि जुन्या गावात आता मोकळी जागा म्हणून काय उरलंय बघा, एखाद्या देवळाचं आवार नाहीतर शाळेचं मैदान. बाकी सगळीकडे बोअर, सेप्टिक टँक, पार्किंगचे खड्डे घेऊन माती उलटीपालटी झालीये, पण मैदानावर मुलं नुसती खेळली, कोणी खोल खणलं नाही, म्हणून खालचे थर जसेच्या तसे राहिले. शाळेचं मैदान म्हणूनच आमच्यासाठी इतकं मोलाचं असतं.

आता कायदा. बरंचसं तुमची जागा नेमकी कुठे आहे त्यावर ठरतं, म्हणून पहिली गोष्ट ती तपासा. केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक किंवा स्थळ जवळ असेल तर १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, ती राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर मिळते. हे अंतर संरक्षित हद्दीपासून मोजायचं असतं, देवळाच्या भिंतीपासून किंवा खांबापासून नव्हे, यात लोक फार गल्लत करतात. विनापरवाना बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे आणि तो राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय बघतं. केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय आणि राज्याच्या सहायक संचालकांचं कार्यालय, दोन्ही छत्रपती संभाजीनगरलाच आहेत, एका दिवसात दोन्हीकडे जाऊन सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि जागेचा नकाशा दाखवून लेखी विचारता येतं. तोंडी उत्तरावर थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

समजा जागा या सगळ्या हद्दींच्या बाहेर निघाली. मग शाळेसारख्या साध्या बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणी केलीच पाहिजे असा नियम आपल्याकडे नाही, आणि माझ्या मते ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. इंग्लंडमध्ये १९७९ च्या कायद्याने यॉर्क, चेस्टर, कँटरबरी, एक्सिटर, हेरफोर्ड या पाच जुन्या शहरांच्या गाभ्यात खोदकामाच्या सहा आठवडे आधी नोटीस देणं बंधनकारक केलं. फ्लॉरिडातलं सेंट ऑगस्टीन हे १५६५ साली वसलेलं गाव, तिथे नगरपालिकेनेच नियम केलाय की जमीन उकरायच्या आधी पुरातत्त्वज्ञ येऊन बघणार. पैठण, तेर, नेवासे, जुन्नर ही गावं सेंट ऑगस्टीनपेक्षा कितीतरी जुनी आहेत तरी इथे सगळं शाळेच्या समितीच्या समजूतदारपणावर सोडलेलं आहे.

पण तपासणी बंधनकारक नाही म्हणजे सगळंच माफ असं समजू नका. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा कायदा आजही लागू आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर काय सापडलं, कुठे आणि कोणत्या तारखेला हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाणी, मूर्ती, दागिने, ताम्रपट निघाले तर हे लगेच करायचं. मजुराने खिशात घातलेलं एक नाणं उद्या शाळेच्या नावाने उभं राहू शकतं, म्हणून कॉन्ट्रॅक्टरला आजच सगळ्या मजुरांसमोर स्पष्ट सांगा.

समितीतल्या लोकांची जी भीती आहे, की जागाच ताब्यात घेतील, ती मला समजते कारण प्रत्येक गावात कोणीतरी कोणाचं तरी असं झालं म्हणून सांगतंच. पण एखादी जागा संरक्षित करायची तर सरकारला अधिसूचना काढावी लागते, केंद्राच्या कायद्यात हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात, तो काही एका पाहणीत होणारा प्रकार नाही. खापरं आणि विटा निघाल्या म्हणून शाळेची जमीन गेली असं माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एकदाही झालेलं नाही. काम काही दिवस थांबलं, नकाशा बदलला, पायाची पद्धत बदलली, हे मात्र बऱ्याचदा झालंय.

आता जे सांगतोय ते समितीच्या बैठकीत नक्की वाचून दाखवा, कारण पुरातत्त्वात काडीचा रस नसलेल्या माणसालाही हे पटतं. जी राखाडी माती आम्हाला प्रिय असते तीच माती इंजिनियरला नको असते. पांढरीची माती भुसभुशीत, मध्येच राखेचा थर, मध्येच जुन्या भिंतीची वीट, मध्येच बुजवलेलं पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, एका कॉलमखाली एक आणि दुसऱ्याखाली भलतंच, त्यामुळे ती सगळीकडे सारखी दबत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका शाळेत गेलो होतो, मला बोलावलं तोवर जेसीबीने सात-सात फुटांचे खड्डे घेऊन झाले होते. त्यातल्या एका खड्ड्याच्या भिंतीत अर्धी कापलेली कड्यांची विहीर दिसत होती, म्हणजे भाजलेल्या मातीची वीतभर उंचीची कडी एकावर एक बसवत खाली नेलेली, सातवाहन काळात असे आड करायचे. आठ कडी मोजली मी, प्रत्येक कड्याच्या काठावर कुंभाराच्या बोटांचे ठसे तसेच होते. दुसरा अर्धा भाग आदल्या दिवशी डंपरमधून रस्त्याच्या भरावाला गेला होता. मी काम थांबवायला सांगितलं, पण उरलेला अर्धा आड मुरूम टाकून बुजवला आणि त्यावरच कॉलम उभा केला. दोन पावसाळ्यांनंतर व्हरांड्याचा तोच कोपरा खचला आणि खिडकीपासून छतापर्यंत तिरकी चीर गेली. त्या वर्गात मुलं बसत होती. दोन तासांच्या पाहणीत तो आड कळला असता, कॉलम सहा फूट सरकला असता आणि आडही वाचला असता.

म्हणून चाचणी म्हणजे खजिना शोधणं नव्हे हे समितीला नीट समजावा. थर किती जाड आहेत, कुठे शाबूत आहेत, कुठे आधीच उकरलेले आहेत आणि मूळ माती किती खोल लागते, एवढंच त्यातून बघायचं असतं. वस्तू निघाल्या तर निघाल्या. पैठणचं बाळासाहेब पाटील संग्रहालय आणि तेरचं लामतुरे संग्रहालय तुम्ही बघितलं असेल, नसेल तर मुलांना घेऊन जा. आयुष्यभर वेचून, जपून ठेवलेला तो ठेवा आहे आणि त्या माणसांचे उपकार आहेतच. पण त्यातल्या बहुतेक वस्तू पावसात उघड्या पडलेल्या, नांगराला लागलेल्या, कोणीतरी आणून दिलेल्या. हा मणी ज्या थरात होता त्याच थरात कोणतं नाणं होतं, शेजारी चूल होती की भट्टी, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तुमच्या खड्ड्यांत ते अजून सांगता येईल.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो. यात एक नाजूक मुद्दा आहे. पुरातत्त्वीय उत्खनन म्हणून कोणालाही मनाने खणता येत नाही, राज्य सरकारलासुद्धा असंरक्षित जागेत त्यासाठी केंद्राची पूर्वमंजुरी लागते. त्यामुळे उत्साही शिक्षकांनी मुलं घेऊन टिकाव चालवायचा नाही, आणि माझ्यासारख्या माणसानेही खाजगीत येऊन खणायचं नाही. पण इमारतीसाठी जमीन किती भार घेईल हे बघायला इंजिनियरला ट्रायल खड्डे लागतातच. ते खड्डे संचालनालयाला कळवून, त्यांचा माणूस किंवा त्यांनी सांगितलेला जाणकार समोर उभा असताना, जेसीबी न लावता हाताने घ्यायचे. एका खर्चात दोन कामं होतात. तुमच्या प्लॅनवर इमारतीच्या दोन टोकांना एकेक, मध्ये एक, आणि एक मुद्दाम इमारतीच्या बाहेर जिथे पर्यायी जागा होऊ शकते तिथे, असे चार खड्डे मी सुचवेन. साधारण दोन मीटर बाय दोन मीटर, त्यापेक्षा लहान घेतला तर खाली उतरून भिंत वाचता येत नाही. पाच फुटांच्या खाली जायचं असेल तर भिंतींना पायरी द्या, राखेची भिंत न सांगता कोसळते. शाळा चालू असेल तर पत्र्याचं कुंपण आणि रात्रीचा वॉचमन यात अजिबात काटकसर नको.

हे काम दिवाळीनंतर लगेच करणं सगळ्यात बरं, कारण पावसाची ओल जमिनीत असते तोवर थरांचे रंग वेगवेगळे दिसतात. मे महिन्यात सगळं एकच भुरकट दिसतं आणि पाणी फवारून फवारून बघावं लागतं. खड्ड्याची भिंत खुरप्याने सपाट तासली की ती पुस्तकासारखी वाचता येते. मागे तुमच्यासारख्याच एका मैदानावर आम्ही भिंत तासली तेव्हा वरचा वीतभर मुरूम मैदानाचा होता आणि त्यात शाईच्या पेनाचं टोपण सापडलं, त्याखाली मंगलोरी कौलांचे तुकडे, हिरव्या काचेच्या बांगड्या आणि भोकाचं निजामाचं नाणं. मग दीड फूट नुसती पिवळट माती, म्हणजे मधला बराच काळ तिथे कोणी राहत नसावं. आणि त्याच्या खाली सव्वा-दीड फूट लांब, तीन इंच जाड विटांची एक ओळ, तिच्या पायथ्याशी काळी-तांबडी खापरं. असा क्रम लागला की आम्ही म्हणतो थर शाबूत आहे. तुम्ही सांगितलेल्या मोठाल्या विटा याच मापाच्या असतील तर सातवाहनकालीन असण्याची शक्यता आहे, पण इथे एक सावधगिरी, जुन्या विटा उपटून नंतरच्या लोकांनी घरं बांधलीत, त्यामुळे सुट्या विटेवरून काळ ठरत नाही. ओळीत, जागच्या जागी बसलेली वीट असेल तरच बोलता येतं.

उलटंही होतं, तेही सांगतो. एका ठिकाणी खापरं निघाली म्हणून सगळे घाबरले होते, आम्ही खड्डा तासला तर पाच फुटांपर्यंत जुनं खापर आणि प्लॅस्टिकची पिशवी एकाच थरात. म्हणजे कधीतरी दुसरीकडची माती आणून तिथला खड्डा भरला होता. चौथ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं, नकाशात एक रेघही बदलावी लागली नाही. चाचणी म्हणजे दर वेळी वाईटच बातमी येणार असं काही नसतं.

किती वेळ लागेल? चार खड्ड्यांचं हातखोदाईचं काम नीट माणसं असतील तर चार ते सहा दिवसांत होतं, भिंतींचे फोटो, आलेख, नोंदी धरून आणखी दोन-तीन दिवस. बेभरवशाचा भाग आहे तो सरकारी पत्राचा, तो कार्यालयातल्या कामाच्या ओझ्यावर आणि तुम्ही किती पाठपुरावा करता त्यावर ठरतो, पंधरा दिवस लागलेलेही मी बघितलेत आणि दोन महिनेही. म्हणून अर्ज आज द्या असं म्हणतोय. निधी देणाऱ्या कार्यालयालाही लगेच कळवा की जमिनीत अवशेष निघाल्यामुळे तांत्रिक तपासणी सुरू आहे. लेखी कारण फाइलवर असलं की मुदतवाढ मागायला आधार राहतो, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

थर शाबूत निघाले तर पुढे काय? पहिला पर्याय नेहमी इमारत सरकवण्याचा. शाळेत एखादी जुनी पाडलेली खोली असेल, तिच्या पायाची जागा आधीच उकरलेली असते, तिथे नवी इमारत बसते का बघा. बसत नसेल तर पायाची पद्धत बदला. हिशोब सोपा आहे. पाच बाय पाच फुटांचा, सहा फूट खोल असा एक खड्डा म्हणजे दीड ब्रास माती (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), असे चोवीस खड्डे म्हणजे ३६ ब्रास, तीन-चार ट्रक नव्हेत, डंपरची रांगच. त्याऐवजी प्रत्येक कॉलमखाली एक फूट व्यासाच्या, पंधरा फूट खोल दोन पाइल, म्हणजे भोक पाडून त्यात ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतल्या तर अठ्ठेचाळीस पाइलची मिळून पावणेसहा ब्रासच्या आसपास माती निघते, वर बीमसाठी थोडं उथळ खोदकाम लागतं ते वेगळं. भारही भुसभुशीत थर ओलांडून खालच्या घट्ट मातीवर जातो, म्हणजे इंजिनियरही खूश. काही सहकाऱ्यांना पाइल आवडत नाहीत, ते म्हणतात की यात डोळे झाकून भोक पाडलं जातं आणि मधे काय फुटलं ते कळतही नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण शाळेच्या बजेटमध्ये ३६ ब्रास आणि सहा ब्रास यातून निवडायचं तर मी सहा ब्रास निवडेन, आणि ट्रायल खड्ड्यात जिथे विटांची भिंत दिसली तिथून पाइल चुकवेन. एक मजली इमारतीला मुरमाचा भराव टाकून वर रॅफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच सलग स्लॅब, हाही मार्ग काही ठिकाणी चालतो, पण तो मातीच्या अहवालावर अवलंबून आहे आणि तुमची दुमजली आहे, तेव्हा तो निर्णय इंजिनियरचाच. खर्च थोडा वाढेल, ते मी लपवत नाही. आणि सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन यांना विसरू नका, सगळे पाया वाचवतात आणि मग टाकीसाठी दहा फूट खणून ठेवतात.

एवढ्यात जे सांगितलं ते पुन्हा एकदा क्रमाने: काम थांबवा, जागेची हद्द लेखी तपासा, संचालनालयाला आणि निधीच्या कार्यालयाला एकाच दिवशी पत्र द्या, इंजिनियरचे ट्रायल खड्डे जाणकारासमोर हाताने घ्या, मग नकाशा ठरवा.

आता उघडे असलेल्या तीन खड्ड्यांचं आजच काय करायचं ते सांगतो कारण अवकाळी पावसाची एक सर आली तरी भिंती ढासळतील. तिन्हींवर बांबू आडवे टाकून ताडपत्री घाला, कडेने मातीचा बांध करा म्हणजे पाणी आत जाणार नाही. प्रत्येक खड्ड्यातून निघालेल्या मातीचा ढीग वेगळा ठेवा, एकत्र करू देऊ नका, आणि ढिगाशेजारी खडूने खड्ड्याचा नंबर लिहिलेली फरशी ठेवा. आधीच उचललेली खापरं पाण्याने धुऊ नका, खड्ड्याप्रमाणे वेगळ्या कापडी पिशवीत घालून पिशवीत नंबर आणि तारखेची चिठ्ठी टाका. भिंतींचे फोटो काढताना ऊन पडलेलं नको, सगळी भिंत सावलीत असताना काढा, उन्हात थरांचे रंग उडतात, आणि शेजारी शाळेतली फूटपट्टी नाही तर मीटरची पट्टी उभी धरा. ते फोटो इथेच टाका, सोबत राखेचा थर टेपने मोजून किती इंच भरला ते आणि त्या तीन खड्ड्यांत खाली खापर नसलेली स्वच्छ माती लागली का तेही लिहा. तुमच्या इंजिनियरांना माझ्याशी बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो.